हेलिकॉप्टर तारेत अडकतं ते का, जरा मागचा इतिहास

ऐरोली पुलावरून जाताना हाय टेन्शनचे टॉवर लांबूनच दिसतात, पण दोन टॉवरमधली तार शोधायला गेलात तर मध्येच कुठेतरी आभाळात विरते, आणि सगळ्यात वरची अर्थ वायर (आकाशातली वीज झेलणारी) तर त्याहून बारीक. आता फवारणीचं हेलिकॉप्टर पिकापासून जेमतेम काही मीटर वर असतं आणि पळत असतं, म्हणजे विचार करा.

विमानातून फवारणी पहिल्यांदा झाली ३ ऑगस्ट १९२१ ला, अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉयजवळ, लष्कराचे पायलट जॉन मॅक्रेडी यांनी झाडांवर लेड आर्सेनेट या कीटकनाशकाची पावडर सोडली. तेव्हा तिथल्या खेड्यापाड्यांत वीजच फारशी नव्हती, तारा कुठून येणार. मग १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्यानंतर शेताशेतात खांब उभे राहिले आणि १९४६ मध्ये बेल ४७ या हेलिकॉप्टरला नागरी वापराचं सर्टिफिकेट मिळालं, ते लगेच शेतीच्या कामाला लागलं, म्हणजे तार आणि हेलिकॉप्टर एकाच शेतात आले. तिकडे न्यूझीलंडच्या लॉइड मँडेनो यांनी १९२५ च्या सुमारास एकाच तारेवर वीज न्यायची स्वस्त पद्धत काढली, ती ऑस्ट्रेलियातही पसरली. लाइन स्वस्त होते कारण खांब लांब लांब असतात, आणि पायलट तर तार नाही, खांबच बघून अंदाज बांधतो, खांब झाडाआड गेला की संपलं.

मला सगळ्यात विचित्र वाटतं ते वेगळंच. ऑस्ट्रेलियाच्या अपघात तपास संस्थेकडे २००१ ते २०१० मधल्या तारेच्या १८० अपघातांची नोंद आहे, त्यातले १०० शेतीच्या उड्डाणातले, आणि त्याच संस्थेच्या अभ्यासात ६३ टक्के वेळा तार कुठे आहे हे पायलटला आधीच माहीत होतं! फवारणीत लक्ष पिकावर, वाऱ्यावर, टाकीवर, त्यात माहीत असलेली तार डोक्यातून निघून जाते.

१९७० च्या दशकाच्या शेवटी कॅनडात तार कापणारा कटर निघाला, हेलिकॉप्टरच्या छतावर आणि पोटाखाली ब्लेड, तार घसरत येऊन त्यात कापली जाते. चांगलंच आहे, पण त्याला वेग लागतो, आणि वळताना तार रोटरला (वरच्या फिरत्या पात्यांना) किंवा शेपटीला लागली तर काय उपयोग.

आपल्याकडे २०२० मध्ये टोळधाडीवर राजस्थानात हेलिकॉप्टरने फवारणी झाली, पण ते उघडं वाळवंट. ठाणे-रायगडची भातखाचरं एवढीशी, त्यावर हेलिकॉप्टर परवडणारच नाही, इथे आता ड्रोन येतायत, आणि बांधावरची बारीक तार त्यांच्या सेन्सरलाही चुकते, फक्त आत माणूस नसतो.