लाकडी जहाजांच्या प्रतिकृती : गोंद, अस्तर आणि रंग

लाकडी जहाजाची छोटी प्रतिकृती बांधताना फळ्या जोडणारा गोंद, लाकडाची छिद्रे बुजवणारे अस्तर (सीलर) आणि वरचा रंग किंवा वॉर्निश यांची निवड. दुकानात ही तीन सामग्री वेगवेगळ्या फडताळांवर असते, पण जहाजावर ती एकमेकींच्या अंगावरच बसते. गोंद जिथे मुरला तिथे अस्तर शिरत नाही आणि अस्तर जिथे बसले नाही तिथे रंग डाग धरतो. म्हणून जाणते कारागीर निवड उलट्या बाजूने करतात: लाकूड उघडे दिसणार की रंगवायचे, हे आधी ठरते आणि गोंदाची बाटली त्यानंतर उघडते.

सर्वांत जास्त लागतो तो पॉलिव्हिनिल ॲसिटेटचा, म्हणजे सुतारकामाचा पांढरा गोंद. त्याचे बारीक कण पाण्यात मिसळलेले असल्यामुळे पट्टी जागेवर सरकवायला काही मिनिटे मिळतात. पूर्ण ताकद यायला मात्र साधारण एक दिवस जातो. त्याचाच पिवळसर भाऊ ॲलिफॅटिक रेझिन. हा लवकर पकड घेतो आणि वाळल्यावर पॉलिशपेपरखाली चिवट होऊन गोळा होत नाही, त्यामुळे फळ्या घासून गुळगुळीत करायच्या असतील तर तोच बरा. पांढरा गोंद उष्णतेने मऊ होतो, याचा एक छान उपयोग आहे. फासळ्यांवर आणि पट्टीच्या पाठीवर गोंद लावून तो वाळू द्यायचा आणि मग छोट्या इस्त्रीने पट्टी जागच्या जागी दाबायची. नाळेजवळच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळच्या, वळणावर चिमटे बसत नाहीत, तिथे ही युक्ती हमखास कामी येते. चुकून वाकडी बसलेली पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने सोडवताही येते.

सायनोॲक्रिलेट, म्हणजे काही सेकंदांत धरणारा ‘सुपर ग्लू’, हवेतल्या व लाकडातल्या ओलाव्यामुळे घट्ट होतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर यांना हा पदार्थ 1942 मध्ये दुसऱ्याच संशोधनात सापडला आणि 1958 मध्ये तो बाजारात आला. नवशिका त्याच्या प्रेमात पडतो आणि पस्तावतो. पातळ प्रकार लाकडाच्या रेषांतून आत ओढला जातो. तेवढ्या जागी पुढे ना तेल शिरते ना रंगद्रव्य, आणि पारदर्शक वॉर्निशखाली तो डाग कायम दिसत राहतो. त्याच्या वाफेने आसपास पांढरी झाकही येते, आणि जोड ठिसूळ असल्याने धक्क्याला तुटतो. दोन-चार ठिपके देऊन फळी धरून ठेवायची आणि खरा भार पांढऱ्या गोंदावर सोडायचा, एवढीच त्याची योग्य नेमणूक. धातूची तोफ किंवा नांगर लाकडाला बसवायला दोन भागांचे इपॉक्सी घ्यावे. दोन्ही बाजूंना लावून, थोडे वाळल्यावर दाबायचे कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह फळ्यांसाठी टाळावे. वर्षे गेली की ते वाळून सुटते. जुना सरस आजही काही जण वापरतात. तो साधारण 60 अंश सेल्सिअसला गरम ठेवावा लागतो, पण ऊब व ओलावा दिला की सुटतो, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला तो आवडतो.

गोंदाचा एक दोष फार उशिरा उघड होतो. पांढरा गोंद व ओकसारखी काही लाकडे ॲसेटिक आम्लाची वाफ सोडत राहतात. प्रतिकृती काचेच्या बंद पेटीत असेल तर ही वाफ साचते आणि शिशाच्या तोफा, नांगर, पुतळे यांवर पांढरी भुकटी फुलू लागते. शिशाचे आधी ॲसिटेट होते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचे कार्बोनेट होते आणि आम्ल पुन्हा मोकळे होऊन पुढचे शिसे खाते. बाहेरून रंग दिला म्हणून हे थांबत नाही. शिशाऐवजी ब्रिटानिया धातू (कथिलाचा मिश्रधातू) किंवा पितळ वापरणे आणि पेटीला हवा खेळायला फटी ठेवणे हाच उपाय आहे.

अस्तराबाबत मतभेद पुष्कळ आहेत. या नोंदीचा कौल लाखेला. स्पिरिटमध्ये विरघळवलेला, मेण काढलेला चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे, शेलॅक) पातळ बसतो, झटपट वाळतो आणि त्याच्यावर तेलरंग, ॲक्रिलिक, वॉर्निश काहीही धरते. पहिला हात दिला की लाकडाचे तंतू उभे राहतात. ते बारीक पॉलिशपेपरने घासून दुसरा हात द्यायचा. पाण्याचे ॲक्रिलिक थेट कोऱ्या लाकडावर लावले तर हेच तंतू रंगातून वर येतात आणि जहाजाला काटे फुटल्यासारखे दिसते. बासवूडसारखे मऊ लाकूड रंग एकसारखा पीत नाही, म्हणून त्याला अस्तर लागतेच; बॉक्सवूड व पेअर या घट्ट लाकडांना नुसते तेल पुरते. टंग तेल किंवा उकळलेले जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. जवसाचे तेल काळानुसार पिवळे पडते, हे फिकट लाकडासाठी लक्षात ठेवावे. तेलाची चिंधी मात्र गोळा करून टाकू नये: ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवावी.

रंगांत ॲक्रिलिकला वास कमी आणि ब्रश पाण्याने धुता येतो. एनॅमल सावकाश वाळते, पण ब्रशच्या रेषा स्वतःच जिरवते. पूर्ण वाळलेल्या ॲक्रिलिकवर एनॅमल चालते; एनॅमलवर लॅकर दिले तर त्यातले तीव्र थिनर खालचा थर सुरकुतवते. पाण्याच्या पातळीची रेघ आखताना टेपच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा किंवा पारदर्शक वॉर्निशचा एक हात द्यावा, म्हणजे वरचा रंग आत झिरपत नाही. चकचकीत पॉलियुरेथेन टाळावे, कारण शंभर फुटी जहाज दोन फुटांचे केले की चमकही त्याच प्रमाणात उतरली पाहिजे. याच कारणाने शुद्ध काळा रंग भडक वाटतो. त्यात थोडा राखाडी मिसळावा.

कोणत्या जहाजाला कोणता रंग, हे मात्र बाटलीवर लिहिलेले नसते आणि संग्रहालयांचेही मत बदलते. 1628 मध्ये बुडालेल्या स्वीडिश युद्धनौका ‘वासा’च्या मागच्या भागावरच्या कोरीव शिल्पांची पार्श्वभूमी आधी निळी समजत, रंगाच्या कणांच्या तपासणीनंतर ती लाल ठरली. ट्रफल्गारच्या लढाईतली ब्रिटिश युद्धनौका ‘व्हिक्टरी’ अनेक दशके गडद पिवळी रंगवली जाई. जुन्या थरांच्या अभ्यासानंतर 2015 मध्ये तिचे पट्टे फिकट, किंचित गुलाबी छटेचे करण्यात आले. त्याआधी बांधलेल्या तिच्या असंख्य पिवळ्या प्रतिकृती अजून काचेआड तशाच आहेत.