रोज मरे त्याला कोण रडे?

मालीतली रोकिया. वय ७ वर्षं, घरी अठराविश्वं दारिद्र्य, खायची भ्रांत. अमेरिकेतल्या एका प्रयोगात लोकांना आधी प्रश्नावली भरण्याचे ५ डॉलर हातात दिले आणि मग रोकियाची ही माहिती, फोटोसकट. यातले द्यावेसे वाटतील तेवढे तिच्यासाठी पाकिटात घाला, बस. सरासरी २.३८ डॉलर पडले. दुसऱ्या गटाला आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांची नुसती आकडेवारी वाचायला दिली, तिथे १.१४. इथवर नवल नाही. पण तिसऱ्या गटाला रोकियाही दाखवली आणि आकडेही, तर रक्कम १.४३ वर उतरली. आकड्यांनी त्या पोरीच्याही तोंडचा घास काढला म्हणायचा!

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पॉल स्लोविक हे मानसशास्त्रज्ञ होते. मन बधिर होण्याचा दोष आपण सवयीवर टाकतो, म्हणूनच ती म्हण. पण हे आकडे वाचून हात आखडणाऱ्यांना रोजरोज कुणी रडवलं नव्हतं.

थोडं उत्तर डोळ्यांपाशी सापडतं. अंधाऱ्या खोलीत पणती लावली की लख्ख कळतं. शंभर पणत्यांत आणखी एक ठेवली तर पत्ताही लागत नाही. पण मला पटतं ते कॅमेरॉन आणि पेन या मानसशास्त्रज्ञांचं २०११ मधलं संशोधन. आपल्याकडे मदत मागितली जाणार असं वाटत असेल, तेव्हाच मोठ्या संख्येपुढे लोकांचा कळवळा आटतो. म्हणजे मन निबर होत नाही, ते आधीच दार लावून घेतं. सकाळी चहा घेताना बातमी अंगठ्याने वर सरकवली जाते, तेव्हा ‘आपण काय करणार’ हे आत ठरून गेलेलं असतं.

२ सप्टेंबर २०१५ ला तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आलान कुर्दी हा सीरियन निर्वासित कुटुंबातला चिमुकला समुद्रात बुडून मेलेला, पालथा पडलेला सापडला. सीरियातल्या युद्धाला तेव्हा चार वर्षं उलटली होती, लाखोंनी जीव गमावला होता. त्या एका फोटोनंतरच्या आठवड्यात स्वीडनच्या रेडक्रॉसकडे सीरियन निर्वासितांसाठी रोज येणारी रक्कम आधीच्या ५५ पट झाली. सहाएक आठवड्यांत ती ओसरली. पण त्या सप्टेंबरातच दरमहा ठरावीक रक्कम देणाऱ्यांची संख्या दहापट झाली होती, आणि जानेवारी उजाडला तरी त्यातल्या बहुतेकांनी ती बंद केली नव्हती.