होडीवरील स्टेनलेस स्टीलचा गंज

खाऱ्या पाण्यात आणि खाऱ्या हवेत वावरणाऱ्या होडीचे कठडे, बोल्ट, शाफ्ट, तारा अशा स्टेनलेस स्टीलच्या भागांना लागणारा गंज. मराठी परिभाषेत या धातूला ‘अगंज पोलाद’ म्हणतात. त्या नावावर विसंबणे समुद्रात महागात पडते.

या पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. हवा लागताच पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा, अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळताच तो पुन्हा भरून येतो. थोडक्यात, हे पोलाद ऑक्सिजनवर तगते. म्हणूनच उन्हावाऱ्यात उघडा असलेला कठडा वर्षानुवर्षे टिकतो आणि झाकलेला बोल्ट दगा देतो.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते व ते हा पापुद्रा ठिकठिकाणी फोडते. वॉशरखाली, आट्यांमध्ये, चिकटलेल्या कालवांखाली पाणी साचून राहते. तिथला ऑक्सिजन संपतो, क्लोराइड गोळा होते, पाणी आम्लधर्मी बनते आणि धातू आतून पोखरला जातो. डेकमधला असा बोल्ट वरून लखलखीत दिसतो. पाना लावला की डोके हातात येते. खालचा दांडा डेकच्या जाडीत झिजून काडीएवढा झालेला असतो. बोल्टभोवती लाकडावर उतरलेला तपकिरी ओघळ बहुधा एवढीच पूर्वसूचना देतो, म्हणून तो पुसून टाकण्याआधी बोल्ट काढून पाहावा.

स्वयंपाकघरातील भांड्यांना चालणारा ३०४ प्रकार समुद्रावर कमी पडतो. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने तो अधिक तग धरतो, पण फटीत साचलेले कोमट खारे पाणी त्यालाही पोखरते. चुंबक लावून या दोहोंतला फरक कळत नाही.

पुष्कळदा दोष वर्कशॉपमधला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतचे क्रोमियम कार्बनशी बांधले जाते आणि पापुद्र्यासाठी पुरेसे उरत नाही. त्यामुळे वेल्डिंगसाठी ०.०३ टक्क्यांपर्यंतच कार्बन असलेले ३१६एल वापरतात. साध्या लोखंडावर चालवलेला ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश स्टेनलेसवर फिरवला, तर लोखंडाचे कण रुतून बसतात आणि आधी तेच गंजतात.

कठड्यावरचे चहासारखे डाग मात्र बहुतांशी वरवरचे असतात. पावसाने धुतल्या जाणाऱ्या भागापेक्षा छपराखालच्या भागावर ते जास्त पडतात, कारण तिथले मीठ वाहून जात नाही. तो भाग गोड्या पाण्याने वरचेवर धुवावा लागतो.