थांबला तो दिसला: बंदराच्या छायाचित्रांची पार्श्वभूमी

मराठवाड्याला समुद्र नाही. तरी इथल्या भिंतीवरच्या एका चित्राच्या आधारे अलीकडेच एक आख्खं जहाज बांधलं गेलं. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात पाचव्या शतकातलं जहाज रंगवलेलं आहे. त्यात तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच शिडं, मागे सुकाणूची वल्ही आणि ओळीने मांडलेले रांजण दिसतात. याच चित्रावरून, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून तयार केलेलं ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज भारतीय नौदलाने २१ मे २०२५ रोजी कारवारच्या तळावर दाखल करून घेतलं. त्या काळच्या अशा जहाजांचे नकाशे उरलेले नाहीत. बांधणाऱ्यांपुढे होतं ते मुख्यतः हे चित्र.

बंदरांच्या छायाचित्रणाबद्दल लिहिताना सुरुवात अजिंठ्यापासून केली ती यासाठीच. पाण्याकाठच्या आयुष्याची खूण फार लवकर पुसली जाते. लाकूड कुजतं, दोर सडतो, जुना धक्का नव्या भरावाखाली जातो. माणसं तर कुठल्याच दप्तरात नसतात. मग चित्रात जे आलं तेवढंच हाती राहतं.

समुद्रापासून इतक्या आत कुणाला जहाज आठवलं असेल, असा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला पडायला नको. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्री व्यापाराच्या माहितीपुस्तकात पैठण आहे आणि तेरही आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तेर आणखी दहा दिवसांवर, असा हिशेब त्यात दिला आहे. पैठणहून गोमेदासारखे खडे जात, तेरहून साधं कापड आणि मलमल. हा सगळा माल गाड्यांतून अवघड वाटांनी भडोचला उतरत असे. इटलीत ज्वालामुखीने गाडलेल्या पॉम्पेई शहराच्या राखेखाली सापडलेली हस्तिदंती मूर्ती आणि तेर-भोकरदनला मिळालेल्या मूर्ती यांच्यातलं साम्य अभ्यासकांनी दाखवून दिलेलं आहे. बंदराचं एक टोक असं आपल्या बैलगाडीच्या चाकाला बांधलेलं होतं.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर या फ्रेंच माणसाची छायाचित्र काढण्याची पद्धत जाहीर झाली, पण त्याआधीच त्याने खिडकीतून शहराचा एक रस्ता टिपला होता. रस्ता भर रहदारीचा, पण चित्रात ओस दिसतो. घोडागाड्या, पादचारी कुणीच नाही, कारण पत्र्यावर चित्र उमटायला कित्येक मिनिटं लागत. बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. जो थांबला तो दिसला, जो कामात होता तो गेला. पुढची चाळीसेक वर्षं छायाचित्राचा हाच नियम होता, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका बंदराला बसला. बंदरावर काय थांबतं? पाणी हलतं, होड्या डुलतात, हमाल पळतो. म्हणून सुरुवातीच्या बंदरचित्रांत दिसतात ते दगडी धक्के, कोठारांच्या भिंती आणि ओहोटीला चिखलात बसलेल्या होड्या.

या नियमातून वाट काढणारे पहिले दोघे स्कॉटलंडचे. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा चित्रकार आणि रॉबर्ट ॲडमसन हा तरुण छायाचित्रकार. १८४३ नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यांनी एडिंबराजवळच्या न्यूहेवन या कोळीवाड्यात जाऊन माणसांची चित्रं काढली. किनाऱ्यावर ओढलेल्या होडीला टेकून उभे असलेले कोळी, टोपल्या घेतलेल्या बायका, पोरं. समुद्रातलं काम टिपणं शक्यच नव्हतं, तेव्हा त्यांनी माणसाला उन्हात उभं केलं, टेकायला काहीतरी दिलं आणि श्वास धरायला लावला. माझ्या दृष्टीने बंदराच्या छायाचित्रणाची खरी सुरुवात ही आहे. जहाज कुणीही काढील. मासळी विकणाऱ्या बाईला चेहरा असतो, हे या दोघांनी दाखवलं.

१८५१ मध्ये ओल्या काचेची पद्धत आली. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच चित्र घ्यायचं आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचं. चित्र लवकर उमटू लागलं, पण दुसरीच अडचण उभी राहिली. ही काच निळ्या रंगाला फार भुलायची. समुद्र नीट आला की आकाश पांढरं फटक पडे. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या आसपासच्या काही सागरचित्रांत आकाश एका निगेटिव्हवरून आणि पाणी दुसऱ्यावरून घेऊन एकाच कागदावर छापलं. लोक ती पाहून थक्क झाले.

हीच वर्षं आपल्याकडचीही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतल्या जातीजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये काढले. त्यातले कित्येक समूह वेगळे टिपून शहराच्या देखाव्यांवर जोडलेले आहेत. माणूस एकीकडचा, मागचं ठिकाण दुसरीकडचं. काच उन्हाने सुकायच्या आत काम उरकायची धडपड लक्षात घेतली तर अशी जोडकामं का झाली असतील ते समजतं. पण त्यात माणूस आपल्या जागेवरून उपटला गेला, हेही खरं.

आणि त्याच सुमारास इकडे अजिंठ्यात रॉबर्ट गिल होता. हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी १८४० च्या दशकात लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आला आणि उरलेला बराचसा जन्म त्याने इथेच काढला. त्याच्या तैलरंगातल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्या आगीआधीच तो कॅमेराही वापरू लागला होता. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने घेतलेली त्याची चित्रं १८६४ साली पुस्तकात आली. लेण्यांच्या आतल्या काळोखात भिंतीवरचे रंग पकडण्याची ताकद मात्र त्या काचेत नव्हती.

१८७५ ला मुंबईत ससून डॉक झालं, १८८० ला प्रिन्सेस डॉक, १८८८ ला व्हिक्टोरिया डॉक. रसायन आधीच लावून वाळवलेली कोरडी काच आता बाजारात मिळू लागली होती आणि सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र घेता येत होतं. इंग्लंडात व्हिटबी बंदरात फ्रँक मेडो सटक्लिफने १८८६ साली पाण्यात डुंबणारी पोरं टिपली, तीही कुणाला श्वास धरायला न लावता. मुंबईच्या गोद्यांची त्या काळातली चित्रं पाहिली तर नजर अजून दगडावर आणि दारांच्या लोखंडावर खिळलेली दिसते. बांधकाम किती मोठं, हे सांगायची ती चित्रं. हमाल त्यात असतो तो उंचीचा अंदाज यावा म्हणून.

तरी या चित्रांत आपला एक ओळखीचा जिन्नस सापडतो: कापसाच्या गाठी. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाला आणि जालना, सेलू, परभणीच्या जिनिंगमधला कापूस मुंबईच्या वाटेला लागला. धक्क्यावर रचलेल्या गाठींची जुनी चित्रं पाहताना मी नेहमी थबकतो. त्यातल्या काही आपल्या काळ्या मातीतल्या असतील. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हाही त्याच्या पोटात दारूगोळ्यासोबत कापूस होता. पेटलेल्या गाठी शहरभर उडाल्या. युद्धकाळ होता, बातम्यांवर सेन्सॉर होता. इतक्या मोठ्या संकटाची माहितीसुद्धा लोकांपर्यंत अडखळत पोहोचली.

त्यानंतर बंदर हळूहळू कुंपणाआड गेलं. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात संरक्षणाच्या गोद्यांचं चित्रण आधीच गुन्ह्याच्या कक्षेत होतं. २००८ मध्ये हल्लेखोर समुद्रातून मुंबईत उतरले आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक कॅमेऱ्याकडे पाहण्याची नजर बदलली. दुसरा बदल याहून खोल आहे. १९५६ पासून जगात कंटेनर आले, १९८९ साली न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं, आणि गोण्या वाहणारा माणूस चौकटीतून बाहेर पडला. आज कंटेनरच्या रंगीत भिंतींची चित्रं सुंदर येतात, पण त्यांत शोधूनही माणूस सापडत नाही. आपल्याकडे जालन्याजवळ दरेगावला ड्राय पोर्टची पायाभरणी झाली. पाणी नसलेलं बंदर. तिथलं काम आजपासूनच कुणीतरी टिपत राहायला हवं. ट्रकचालक, चहाच्या टपऱ्या, वजनकाटा, सगळं.

पण मराठवाड्याला पाण्याचा काठ आहेच. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. गोदावरीचं पाणी मागे पसरलं, शंभरावर गावांना त्याचा फटका बसला आणि नाथसागर तयार झाला. तिथे छायाचित्रकार जातात ते बहुधा हिवाळ्यात, रोहित पक्ष्यांसाठी. काठावरचे मासेमार त्या चित्रांत नसतात. काही वर्षांपूर्वी गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची मुलं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून बॅकवॉटर ओलांडत शाळेत जातात, हे बातम्यांत झळकलं आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. बंदराच्या छायाचित्राने जे काम करायला हवं ते इथे झालं.

मागच्या हिवाळ्यात मी तिथल्या एका काठावर पहाटे उभा होतो. एक म्हातारे भोई चप्पू घेऊन येत होते. थर्माकोलचे जाड तुकडे, त्यांवर खताच्या रिकाम्या गोण्या गुंडाळलेल्या, नायलॉनच्या दोरीने करकचून आवळलेल्या. मांडी घालून बसायचं आणि फळीच्या तुकड्याने पाणी मागे लोटायचं. काठ लागला तसं त्यांनी जाळं ओढलं आणि एकेक चिलापी सोडवायला घेतली. बोटांच्या पेरांवर जाळ्याचे जुने काप होते, थंडीने पांढरे पडलेले. माझ्या हातात कॅमेरा दिसला तसा त्यांचा हात थांबला.

“थांबू का, फोटोला?”

“नका थांबू काका. तुमचं चालू द्या.”

त्यांनी मान हलवली आणि पुढचा मासा सोडवला. टोपलीत पडताना त्याने शेपटी आपटली, पाण्याचे थेंब उडाले. सेकंदाच्या हजाराव्या भागात ते थेंब आले, शेपटी आली आणि त्यांचा हातही आला.