पोट लहान झाल्यावर आधी काय खायचं?

आपल्याकडे कुणाचंही ऑपरेशन झालं की घरात मऊ भात शिजतो, वर तूप-मेतकूट. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र पेशंटची गाडी मऊ आहारावर आली, तरी भातावर जोर देऊन चालत नाही. भात पचायला जड असतो म्हणून नव्हे, तर तो जागा अडवतो म्हणून.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या शस्त्रक्रियेत जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, सुरुवातीला जेमतेम १०० ते १५० मिलिलीटर मावेल एवढी. जठराचा वरचा फुगीर भाग गेल्यामुळे भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक कमी होतं. उलट जेवणानंतर आतड्यातून स्रवणारं आणि पोट भरल्याचं मेंदूला कळवणारं जीएलपी-१ वाढतं. त्यामुळे पहिले काही महिने अनेकांना भूक अशी लागतच नाही.

शरीराची गरज मात्र भुकेबरोबर कमी होत नाही. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात जवळपास तेवढीच. एवढ्याशा पोटात हा हिशेब बसवायचा, तर ताटातला क्रम बदलावा लागतो: आधी पनीर, अंडं, मासा किंवा डाळ-उसळ, मग भाजी आणि जागा उरली तरच भाकरीचा तुकडा. आधी पातळ पदार्थ, मग वाटलेलं, मग मऊ, असं करत नेहमीच्या जेवणावर यायला साधारण सहा ते आठ आठवडे जातात. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतरही अर्धा तास थांबायचं. एरवी दिवसभर घोट-घोट पीत राहायचं. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी म्हणजे बहुतेक सगळा स्टार्च. ज्यांना उपास सोडवत नाही, त्यांनी निदान दूध-दह्याची सोय तरी ठेवावी.

प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. इथे व्यायामाचा संबंध येतो. ऑपरेशननंतर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी पेशंटला चालवतात, ते पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून. पण आपल्याकडे व्यायाम म्हणजे सकाळची फेरी, आणि तिथेच सगळं थांबतं. फेरी चांगलीच, पण स्नायू टिकायला भार लागतो. टाके भरून आल्यावर सर्जनच्या परवानगीने खुर्चीतून हात न टेकता उठबस, रबरी पट्टे, हलके डंबेल्स सुरू करावेत.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र जन्मभराच्या. बी-१२ शोषलं जायला जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं आणि जठरच आता थोडं उरलेलं असतं. शाकाहारी माणसाच्या आहारात बी-१२ मुळातच कमी. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळाले की लोक घाबरतात. बहुतेकांचे परत येतात. खरं घाबरायचं ते सततच्या उलट्यांना. त्यातून बी-१ या जीवनसत्त्वाची कमतरता होऊन चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं सुरू होऊ शकतं. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

चिवडा, शेव, आइस्क्रीम हे पदार्थ त्या अरुंद नळीतूनही सहज घसरत जातात, पोट भरल्याची जाणीव न देता. १९८७ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या स्वीडिश अभ्यासात, गॅस्ट्रिक बायपास ही वजन कमी करण्याची दुसऱ्या प्रकारची शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं. १५ वर्षांनी ही घट २७ टक्के उरली होती. म्हणजे थोडं वजन परत येणं अपेक्षितच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काटा दोन किलोंनी वर सरकला म्हणून ऑपरेशन फसलं असं नव्हे; आधी चिवड्याचा डबा किती वेळा उघडला जातो आणि डंबेल्सवर धूळ किती बसली आहे, ते बघावं.