विमानाचे आयुष्य कोण ठरवते? रशियातील राज्य नागरी विमान वाहतूक संशोधन संस्थेची पार्श्वभूमी

२४ जुलै २०२५ रोजी रशियाच्या अतिपूर्व भागातील तिंडा शहराजवळ अंगारा एअरलाइन्सचे अँतोनोव्ह-२४ जातीचे विमान कोसळले आणि त्यातील सर्व ४८ जणांचा मृत्यू झाला. हे विमान १९७६ साली बांधलेले होते. केवळ वयावरून अपघाताचे कारण ठरवणे योग्य होणार नाही. मात्र जवळपास पन्नास वर्षांचे विमान प्रवासी घेऊन उडण्यास योग्य आहे की नाही, हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवते, हा प्रश्न त्यानिमित्ताने अनेकांना पडला. रशियात या निर्णयामागचे बरेचसे तांत्रिक काम मॉस्कोतील राज्य नागरी विमान वाहतूक संशोधन संस्था करत आली आहे. ही संस्था या कामाकडे कशी वळली, हे समजून घेण्यासाठी १९३० पर्यंत मागे जावे लागते.

सोव्हिएत नागरी विमानसेवेची सुरुवात १९२३ मध्ये ‘दोब्रोल्योत’ या कंपनीने झाली होती. सात वर्षांनी, म्हणजे १९३० मध्ये, नागरी हवाई ताफ्याची स्वतःची संशोधन संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्याकडून नवी विमाने घडवण्याची अपेक्षा होती. देशात ॲल्युमिनियमची टंचाई असल्यामुळे स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्यांपासून सांगाडा तयार करण्याचे प्रयोग येथे झाले, आणि अलेक्सांद्र पुतिलोव्ह यांच्या स्ताल-२ व स्ताल-३ या प्रवासी विमानांना त्या धातूवरूनच नाव मिळाले. इटलीहून आलेले रॉबेर्तो बार्तिनी याच संस्थेत काम करत होते. त्यांच्या स्ताल-६ या प्रायोगिक विमानाने १९३३ मध्ये ताशी ४२० किलोमीटरचा वेग गाठला. १९३८ च्या सुरुवातीला बार्तिनींना अटक झाली. त्यांच्या स्ताल-७ या प्रवासी विमानाने पुढच्याच वर्षी पाच हजार किलोमीटरचे अंतर ताशी सुमारे ४०५ किलोमीटर वेगाने कापले, तेव्हा ते कैदेत होते. त्याच आराखड्यावरून पुढे येर्मोलायेव्ह यांचे येर-२ हे बॉम्बफेकी विमान तयार झाले. संस्थेच्या इतिहासातला हा सर्वांत तेजस्वी आणि तितकाच वेदनादायक काळ मानावा लागेल.

युद्धानंतर प्रवासी विमाने तुपोलेव्ह, इल्युशिन, अँतोनोव्ह आणि याकोव्लेव्ह यांच्या रचना कार्यालयांतून येऊ लागली. संस्थेचे काम त्यानंतरच्या टप्प्यावर सुरू होई. कारखान्याच्या चाचण्यांतून विमान उडते एवढे सिद्ध होत असे. पण याकुतियाच्या कडाक्याच्या थंडीत, मध्य आशियाच्या उन्हाळ्यात, कच्च्या धावपट्टीवर आणि सामान्य वैमानिकाच्या हाती ते कसे वागते, हे तपासण्यासाठी वेगळ्या वापर-चाचण्या घेणे आवश्यक होते. १९६४ मध्ये स्वतंत्र नागरी विमान वाहतूक मंत्रालय स्थापन झाले, तोवर हे काम संस्थेची मुख्य ओळख बनले होते.

या टप्प्याचे महत्त्व तुपोलेव्ह-१०४ ने दाखवून दिले. हे सोव्हिएत संघाचे पहिले जेट प्रवासी विमान १५ सप्टेंबर १९५६ रोजी मॉस्को–इर्कुत्स्क मार्गावर सेवेत आले. तोपर्यंत प्रवासी विमाने इतक्या उंचीवर नियमितपणे उडत नव्हती, त्यामुळे तिथल्या हवेच्या प्रवाहांची माहिती तुटपुंजी होती. १७ ऑक्टोबर १९५८ रोजी बीजिंगहून मॉस्कोकडे निघालेले एक विमान खराब हवामानामुळे मार्ग बदलून जात असताना कनाश गावाजवळ प्रबळ ऊर्ध्वगामी झोतात सापडले, त्याचे नाक वर उचलले गेले आणि ते पुन्हा ताब्यात आलेच नाही. ८० जण मृत्युमुखी पडले. कॅप्टन हारोल्द कुझ्नेत्सोव्ह आणि त्यांचे सहकारी विमान कोसळत असतानाही काय घडते आहे हे रेडिओवरून सांगत राहिले. या माहितीमुळे आणि नंतरच्या चाचण्यांमुळे उड्डाणाच्या उंचीवर मर्यादा घालण्यात आली आणि शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन बदलण्यात आला. त्या माणसांनी अखेरच्या क्षणी केलेल्या या कामाची नोंद प्रत्येक वेळी घेतली गेली पाहिजे, असे मला वाटते.

आयुर्मर्यादेचा प्रश्न मात्र ऐरणीवर आणला तो अँतोनोव्ह-१० ने. १८ मे १९७२ रोजी मॉस्कोहून खार्किवला निघालेल्या या जातीच्या विमानाचे पंख हवेतच तुटले आणि १२२ जणांचा मृत्यू झाला. पंखाच्या मधल्या भागातील खालच्या पत्र्याला धातूच्या थकव्यामुळे तडे गेल्याचे तपासात आढळले. उड्डाणात पंख वरच्या बाजूला वाकतो, त्यामुळे त्याच्या खालच्या पृष्ठभागावर सतत ताण येतो. उतरल्यावर तो सैल पडतो आणि पुढच्या उड्डाणात पुन्हा ताणला जातो. हजारो आवर्तनांनंतर एखाद्या रिव्हेटच्या छिद्रापाशी केसासारखी बारीक भेग पडते. ती डोळ्यांना दिसेलच असे नाही, आणि ती एका मर्यादेपलीकडे गेली की उरलेला धातू भार पेलू शकत नाही. अँतोनोव्ह-१० प्रवासी सेवेतून कायमचे बाद झाले. जवळपास तसाच पंख असलेले अँतोनोव्ह-१२ हे मालवाहू विमान मात्र पुढे कित्येक दशके उडत राहिले.

एकाच कुळातल्या या दोन विमानांचे नशीब इतके वेगळे का झाले, हे पाहिले की संस्थेच्या आजच्या कामाचे स्वरूप कळते. विमानाचे आयुष्य केवळ वर्षांत मोजत नाहीत. उड्डाणाचे तास, उड्डाणांची संख्या आणि कॅलेंडरची वर्षे असे तीन हिशेब एकाच वेळी चालतात आणि यांपैकी जी मर्यादा आधी येईल तिथे विमान थांबते. छोट्या मार्गावर दिवसातून अनेकदा चढ-उतार करणाऱ्या विमानाचे तास कमी पण उड्डाणे जास्त होतात, तर वर्षभर उघड्यावर उभे राहिलेले विमान न उडताही गंजते. म्हणून सोव्हिएत पद्धतीत संपूर्ण आयुष्य एकदम न देता ते टप्प्याटप्प्याने वाढवले जाते: प्रत्येक टप्प्यावर त्या विशिष्ट नोंदणी क्रमांकाच्या विमानाची तपासणी होते आणि मगच पुढची मुदत मिळते.

याच काळात तुपोलेव्ह-१४४ ची स्वनातीत (ध्वनीपेक्षा वेगवान) प्रवासी सेवा १ नोव्हेंबर १९७७ ला सुरू होऊन जून १९७८ मध्ये बंद पडली. जून १९८२ मध्ये मोझिरजवळ याकोव्लेव्ह-४२ च्या शेपटीतील स्क्रू-यंत्रणा निकामी होऊन १३२ जण दगावले. सुधारणा करून ते विमान पुन्हा वापरात यायला १९८४ उजाडले. विमान सेवेत दाखल झाल्यानंतरही त्याच्याबद्दल शिकणे संपत नाही, याचे हे आणखी दाखले.

१९९१ नंतर परिस्थिती पालटली. नव्या देशी विमानांचे उत्पादन जवळजवळ थांबले, एरोफ्लोट या सोव्हिएत सरकारी विमान कंपनीचा अवाढव्य ताफा असंख्य छोट्या कंपन्यांत विभागला गेला आणि जुन्या विमानांची मुदत वाढवून घेण्याची मागणी एकदम वाढली. सैबेरियातील ज्या गावांना वर्षाचा बराच काळ रस्ता उपलब्ध नसतो, त्यांच्यासाठी अँतोनोव्ह-२४ बंद होणे म्हणजे दवाखान्याचा मार्ग बंद होणे होते. त्यामुळे मुदतवाढीला सरसकट विरोध करणे मला पटत नाही, पण तपासणीत तडजोड चालेल असाही त्याचा अर्थ होत नाही. याच काळात भंगारात गेलेल्या विमानांचे सुटे भाग खोट्या कागदपत्रांसह बाजारात येऊ लागले. प्रत्येक पंप, पंखा किंवा गिअर पेटीसोबत तिचे नोंदपत्र असते आणि त्यात निर्मितीची तारीख, चाललेले तास, दुरुस्ती आणि ती कोणकोणत्या विमानांवर बसवली गेली, हे लिहिलेले असते. हे पत्र बनावट केले की थकलेला भाग कागदावर तरुण होतो. म्हणून सुट्या भागांचा अस्सलपणा पडताळणे, त्यांच्या नोंदी एका सामाईक माहिती-प्रणालीत ठेवणे आणि कारखाना, दुरुस्ती केंद्र व विमान कंपनी यांच्याकडील नोंदी एकमेकींशी ताडून पाहणे, हे काम संस्थेकडे आले. ज्या भागाच्या इतिहासात अशी विसंगती सापडते, तो चालू स्थितीत असला तरी विमानावर ठेवता येत नाही.