सिंगल साइन-ऑन आणि खासगीपणा

एकाच खात्याच्या आधारे अनेक संकेतस्थळांवर लॉगिन करण्याच्या सोयीला सिंगल साइन-ऑन (एसएसओ) म्हणतात. यात तीन पक्ष असतात : वापरणारा, पासवर्ड तपासणारा ‘ओळखदाता’ (गूगल, अ‍ॅपल, महाविद्यालय, डिजिलॉकर) आणि ओळखीची खात्री मागणारी सेवा. पासवर्ड सेवेकडे जात नाही, ही जमेची बाजू. पण खात्रीसोबत आणखी काय जाते आणि ओळखदात्याकडे कोणती नोंद उरते, यावर खासगीपणा ठरतो.

कोल्हापुरात या प्रश्नाशी सर्वाधिक गाठ पडते ती विद्यार्थ्यांची. विद्यापीठाच्या नेटवर्कवरून संशोधनपत्रिका उघडली, तर प्रकाशकाला साधारणपणे संस्थेचा आयपी पत्ता (नेटवर्कची ओळख सांगणारा क्रमांक) पुरतो. कागल-गडहिंग्लजच्या घरातून उघडायची तर ओळख पटवावी लागते. त्यासाठी देशातील शिक्षणसंस्थांचा ‘इन्फेड’ हा संघ आहे. तो गांधीनगरच्या (गुजरातच्या, करवीर तालुक्यातील नव्हे) इन्फ्लिबनेट केंद्राने उभारला असून त्याचा पाया शिबोलेथ ही लॉगिन-प्रणाली आणि ओळखीची खात्री ओळखदात्याकडून सेवेकडे पोचवण्याचे सॅमल हे मानक आहे. सॅमलची २.० आवृत्ती २००५ची.

वर्गणी संस्थेने भरलेली असल्याने प्रकाशकाला खरे तर एवढेच कळायला हवे, की ही व्यक्ती अमुक संस्थेची सदस्य आहे. नाव, हजेरी क्रमांक वा ईमेल लागत नाही. शिबोलेथमध्ये कोणत्या सेवेला कोणती माहिती द्यायची हे गुणधर्म-गाळणीच्या फाइलमध्ये लिहिलेले असते. गडबड होते ती इथेच : प्रत्येक प्रकाशकासाठी वेगळा नियम लिहिण्याचा कंटाळा करून सगळ्यांना सगळे देणारा एकच नियम टाकला जातो आणि कोणी कोणता लेख वाचला हे नावानिशी बाहेर जाते.

ओळख-क्रमांकाचा प्रकारही महत्त्वाचा. तात्पुरता क्रमांक दर लॉगिनला बदलतो. त्यात माग लागत नाही, पण जतन केलेले शोधही पुढच्या वेळी सापडत नाहीत. जोडीनिहाय क्रमांक एका सेवेपुरता कायम राहतो आणि दुसऱ्या सेवेला वेगळा मिळतो, त्यामुळे दोन प्रकाशकांना नुसत्या क्रमांकावरून आपापल्या याद्या जुळवता येत नाहीत. ग्रंथालयासाठी हाच पर्याय उत्तम. मात्र सोबत ईमेल दिला, तर या वेगळ्या क्रमांकाचा उपयोग शून्य.

‘गूगलने लॉगिन करा’ या बटणामागे ओपनआयडी कनेक्ट (२०१४) हे मानक असते. नुसत्या ‘ओपनआयडी’ परवानगीत केवळ क्रमांक जातो. ‘ईमेल’ आणि ‘प्रोफाइल’ जोडल्या की ईमेल पत्ता, नाव आणि फोटो जातात. ड्राइव्ह, संपर्कयादी वा कॅलेंडर मागणाऱ्या परवानग्यांचा लॉगिनशी संबंध नाही; नोट्स वाटणाऱ्या अ‍ॅपने त्या मागितल्या तर नकार द्यावा. अ‍ॅपलच्या लॉगिनमध्ये (२०१९पासून) खरा ईमेल लपवून फक्त टपाल पुढे पाठवणारा पत्ता देता येतो. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही संमती उद्देशापुरत्या आवश्यक माहितीपुरतीच धरली आहे.

ओळखदात्याला मात्र कोण, केव्हा, कुठल्या सेवेत शिरले हे दिसतेच. महाविद्यालयाने दिलेले गूगल खाते असेल तर कोणत्या अ‍ॅपला परवानगी दिली याची नोंद महाविद्यालयाच्या अ‍ॅडमिनलाही पाहता येते. विवाहस्थळे, आरोग्य किंवा नोकरीशोध यांसाठी ते खाते वापरू नये.

सामाईक संगणकावरचा धोका वेगळाच. राजारामपुरीतल्या नेट कॅफेत विद्यार्थी फॉर्म भरतो, त्या संकेतस्थळातून ‘लॉगआउट’ करतो आणि उठतो. ओळखदात्याचे सत्र ब्राउझरमध्ये चालूच असते. पुढच्या माणसाने तेच बटण दाबले की पासवर्ड न विचारता आधीच्याचे खाते उघडते. सर्व ठिकाणांहून एकदम बाहेर काढणारी ‘सिंगल लॉगआउट’ सोय सॅमलमध्ये आहे, पण अनेक सेवा ती राबवत नाहीत. म्हणून इनकॉग्निटो खिडकीत लॉगिन करावे आणि शेवटी अशा सगळ्या खिडक्या बंद कराव्यात. एक उघडी राहिली तरी सत्र जिवंत राहते. फॉर्म भरून देणाऱ्याला पासवर्ड किंवा ओटीपी सांगणे तर थेट घातक, कारण इथे एका पासवर्डामागे सगळीच दारे असतात.

सेवा बांधणाऱ्यांसाठी : टोकन (लॉगिन झाल्याचा डिजिटल परवाना) थेट ब्राउझरच्या पत्त्याच्या ओळीतून परत करणारी जुनी ‘इम्प्लिसिट’ पद्धत टाळावी, कारण टोकन ब्राउझरच्या इतिहासात उरू शकते. आधी तात्पुरता कोड देऊन त्याच्या बदल्यात टोकन देणारी ‘ऑथरायझेशन कोड’ पद्धत पीकेसीईसह (चोरलेला कोड दुसऱ्याला वापरता येऊ नये म्हणूनची जोड) वापरावी. जानेवारी २०२५च्या आरएफसी ९७०० या इंटरनेट-मानकांच्या मालिकेतील दस्तऐवजाचा कलही तोच आहे.

दिलेली परवानगी गूगल खात्यातील थर्ड-पार्टी जोडण्यांच्या पानावरून काढता येते. त्याने पुढची वाट बंद होते. आधीच नेलेली माहिती पुसली जात नाही, त्यासाठी सेवेतले खाते वेगळे हटवावे लागते. पदवीनंतर महाविद्यालयाचे खाते बंद होणार असेल, तर क्रम पाळावा : आधी सेवेत स्वतःचा ईमेल टाकावा, मग स्वतंत्र पासवर्ड ठेवून एकदा त्यानेच लॉगिन करून पाहावे आणि त्यानंतर जुनी जोडणी तोडावी. उलट क्रमाने केल्यास पासवर्ड बदलण्याचा दुवा बंद पडलेल्या पत्त्यावर जातो आणि खाते हातचे जाते.